घरच्या ध्वनिमुद्रणावर शेवटी अ‍ॅनालॉग ऊब चढवावी का?

कोमल ऋषभ (धागालेखक)

घरी गाणे ध्वनिमुद्रित करणाऱ्या शास्त्रीय आणि सुगम गायकांमध्ये एक रीत रुळत चालली आहे. आवाज, तानपुरा, पेटी आणि तबला वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यायचे, त्यांचे मिक्सिंग करायचे आणि शेवटी मास्टरवर, म्हणजे एकत्र झालेल्या अंतिम मिश्रणावर, टेपचा परिणाम साधणारे एखादे प्लगइन (ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) चढवायचे, म्हणजे आकाशवाणीच्या जुन्या ध्वनिफितींसारखा उबदार ध्वनी मिळतो, अशी समजूत आहे. माझे मत असे की रागसंगीताच्या बाबतीत ही शेवटची पायरी बहुतेक वेळा नुकसान करते, आणि ती घ्यावीशी का वाटते याचे कारण टेपच्या अभावात शोधणेही चुकीचे आहे.

टेपवर ध्वनीची पातळी वाढत गेली की तिच्यातील चुंबकीय कणांना आणखी भारले जाणे अवघड होते. त्यामुळे ध्वनिलहरीची शिखरे छाटली न जाता हळूहळू दबतात, आणि या दबण्यातून मुख्यतः तिसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या तिप्पट वारंवारतेचा उपस्वर, निर्माण होतो. म्हणजे षड्ज २४० हर्ट्झवर असेल तर ७२० हर्ट्झवर, तार सप्तकातील पंचमावर, त्याची क्षीण छाया उमटते. एकट्या आवाजाला हे मानवते. परंतु दोन स्वर एकत्र गेले की टेप किंवा तिचे प्लगइन त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून कोणीही न गायलेले आणि न वाजवलेले स्वरही निर्माण करते. तानपुऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या स्वयंभू गंधाराशी जुळणारा शुद्ध गंधार ३०० हर्ट्झवर असतो; षड्जाच्या दुपटीतून तो वजा केला तर १८० येतात, आणि तो नेमका मंद्र पंचम असल्यामुळे काहीच बिघडत नाही. पेटीचा समविभाजित, म्हणजे सप्तकाचे बारा समान भाग करून लावलेला, गंधार मात्र सुमारे ३०२.४ वर असतो. त्यातून निघणारा स्वर १७७.६ वर पडतो आणि तानपुऱ्याच्या पंचमाच्या तारेला सेकंदाला दोन-अडीच वेळा हेलकावे देत राहतो. ज्याला आपण ऊब समजतो तो पुष्कळदा असा गढूळपणा असतो.

मुळात घरचे ध्वनिमुद्रण कोरडे आणि टोचरे वाटते, त्याचे मोठे कारण मायक्रोफोन हे आहे. स्वस्त कंडेन्सर मायक्रोफोनांपैकी अनेकांची कॅप्सूल (ध्वनी टिपणारा भाग) नॉयमन कंपनीच्या १९६० मधील यू ६७ च्या कॅप्सूलवर बेतलेली असते. ती उच्च वारंवारतांना अधिक उठाव देते; मूळ मायक्रोफोनमध्ये हा उठाव पुढच्या सर्किटमध्ये हेतुपुरस्सर कमी केलेला आहे, तर स्वस्त नकलांमध्ये ती दुरुस्ती बहुधा गाळलेली असते. अशा वेळी मायक्रोफोन तोंडाच्या रेषेतून थोडा बाजूला कलता ठेवणे, गायकाच्या मागे जाड गोधड्या टांगणे आणि उरलेला टोचरेपणा साध्या इक्वलायझरने (निवडक वारंवारता कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) काढणे हे उपाय रोगावर होतात. टेपचे प्लगइन तो रोग झाकते.

टेपवेडा

धागालेखकांचे गणित बरोबर आहे, परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही, कारण किती प्रमाणात हा प्रश्न त्यांनी विचारलेलाच नाही. व्यावसायिक टेपची कमाल पातळी ज्या बिंदूवर मोजतात तेथे तिसऱ्या हार्मोनिकचे प्रमाण ३ टक्के असते. पातळी त्याखाली १० डेसिबल ठेवली तर हे प्रमाण सुमारे एक-दशांशावर, म्हणजे ०.३ टक्क्यांवर येते, आणि त्याच हिशेबाने १७७.६ हर्ट्झचा तो आगंतुक स्वरही खाली जातो. प्लगइनची सुई सतत लाल भागात ठेवणाऱ्याचा दोष टेपच्या माथी मारता येणार नाही. शिवाय पेटीचा गंधार तानपुऱ्याशी जुळत नाही हे भांडण टेप येण्याच्या आधीपासूनचे आहे. आकाशवाणीने १९४० ते १९७१ या काळात पेटीला बंदी घातली होती, तीही याच आणि अशाच आक्षेपांमुळे. गुन्हा पेटीचा असताना शिक्षा टेपला का?

दुसरे असे की संपूर्ण मिश्रण टेपवरून जाणे हा काही आजचा अविचार नाही. कित्येक दशके जगभरातील बहुतेक ध्वनिमुद्रणे शेवटी टेपवरच उतरत असत. सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने चालणाऱ्या टेपवर खर्जाच्या भागात थोडा उठाव येतो आणि तबल्याच्या चाटेची टोकदार शिखरे गोलावतात; डग्ग्याची घुमारदार मींड तेथे जशी भरून ऐकू येते, तशी इक्वलायझरने आणायला फार खटपट पडते. शिखरे गोलावणे हे काम इक्वलायझरचे नाहीच.

कोमल ऋषभ

आकाशवाणीच्या बंदीचा दाखला आपणच दिलात हे बरे झाले. त्या काळातील ज्या ध्वनिफितींच्या उबेची आठवण काढली जाते, त्यांत साथीला सारंगी आहे. गळ्याबरोबर वळणारे, समविभाजित स्वरांच्या बंधनात नसलेले वाद्य साथीला असेल तर तीच टेप निरुपद्रवी ठरते. आजचा गायक पेटी घेऊन बसतो आणि परिणाम मात्र सारंगीच्या काळातला मागतो. म्हणूनच माझे म्हणणे आहे की सॅच्युरेशन, म्हणजे टेपसारखे हे शिखरे दबवणे, द्यायचेच असेल तर ते आवाजाच्या किंवा तबल्याच्या स्वतंत्र ट्रॅकवर द्यावे. पेटी आणि तानपुरा एकत्र असलेल्या मास्टरवर देऊ नये.

अरसिक अभियंता

दोन्ही बाजूंनी एक डिजिटल अडचण सोडून दिली आहे. ४४.१ किलोहर्ट्झच्या, म्हणजे ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेणाऱ्या, प्रकल्पात २२.०५ किलोहर्ट्झच्या वरची वारंवारता मावत नाही. आवाजातील ‘स’काराचा किंवा तबल्याच्या चाटेचा ९ किलोहर्ट्झचा अंश घेतला तर प्लगइन त्याचा २७ किलोहर्ट्झवरचा तिसरा हार्मोनिक निर्माण करू पाहते, आणि तो दुमडून १७.१ किलोहर्ट्झवर येतो, जेथे त्याचे मूळ स्वराशी कोणतेही नाते उरत नाही. खऱ्या टेपमध्ये असे दुमडणे नसते. त्यामुळे प्लगइनमध्ये ओव्हरसॅम्पलिंगची (आतल्या आत नमुन्यांची संख्या वाढवून काम करण्याची) सोय असेल तर ती चालू करावी, आणि नसेल तर ते प्लगइन वापरू नये. संगणक मंदावतो म्हणून ती बंद ठेवणारे लोक मी पाहिले आहेत आणि मग तेच लोक डिजिटलला कर्कश म्हणतात. तसेच अशी बरीच प्लगइन उणे १८ डीबीएफएस (डिजिटल कमाल पातळीच्या १८ डेसिबल खाली) ही पातळी यंत्राच्या शून्य व्हीयूसमान, म्हणजे सुईच्या मापकावरील नेहमीच्या पातळीएवढी, मानून जुळवलेली असतात. डिजिटल कमाल पातळीला भिडलेले मिश्रण त्यांच्यात ओतणे म्हणजे टेपला १८ डेसिबल जास्त देणे होय.

जवारी

इतका ऊहापोह करण्यापेक्षा जुने स्पूल यंत्र मिळवून त्यावरूनच ध्वनी का नेऊ नये?

टेपवेडा

जवारी यांस : यंत्र मिळेलही, परंतु ते सांभाळणे हा वेगळा व्यवसाय आहे. हेड नियमित स्वच्छ आणि विचुंबकित करावे लागतात, प्रत्येक प्रकारच्या टेपसाठी बायस (मुद्रणाच्या वेळी ध्वनीत मिसळायचा उच्च वारंवारतेचा संकेत) नव्याने जुळवावा लागतो, आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत टेपला बुरशी धरते ती वेगळीच. जुन्या न वापरलेल्या टेप स्वस्त दिसल्या तरी घेऊ नयेत. सत्तर-ऐंशीच्या दशकातील अनेक टेपांचा बंधक ओलावा शोषून चिकट होतो आणि हेडवर थर सोडतो. नवी टेप अजून बनते, पण ती परदेशातून मागवावी लागते आणि स्वस्त नसते.

धागालेखकांना : स्वतंत्र ट्रॅकवर सॅच्युरेशन देण्याची सूचना मी अर्धीच स्वीकारतो. मास्टरवर अगदी हलका हात दिल्याने आवाज आणि तबला एकाच खोलीत बसल्यासारखे जुळून येतात, हा परिणाम ट्रॅकनिहाय प्रक्रियेतून मिळत नाही असे माझे कान सांगतात.

अरसिक अभियंता

कान सांगतात खरे, परंतु सॅच्युरेशनमुळे सरासरी पातळी वाढते आणि डेसिबलभर मोठा झालेला ध्वनी कोणालाही अधिक भरीव वाटतो. दोन्ही आवृत्त्यांची लाउडनेस (कानाला जाणवणारी पातळी) मोजून समान करा, फाइलींची नावे दुसऱ्या कोणाला तरी बदलायला सांगा आणि मग निवडा. विलंबित खयालाचा पेटीसह एक तुकडा आणि पेटीविना एक तुकडा असे दोन्ही घेतले, तर धागालेखकांचा मुख्य दावाही त्याच बैठकीत तपासला जाईल.

टेपवेडा

मान्य आहे, परंतु तुकडा दोन-तीन मिनिटांचा तरी असावा. दहा सेकंदांच्या तुकड्यांची अदलाबदल करत ऐकले की कान चकाकीला भुलतो, आणि माझा मुद्दा तासभर ऐकताना न थकण्याचा आहे.

कोमल ऋषभ

लांबी आपण ठरवा. पेटी मात्र समविभाजित पद्धतीनेच लावलेली असावी, श्रुतींनुसार खास जुळवून घेतलेली नको, आणि प्लगइनची पातळी आपण नेहमी ठेवता तीच असू द्या.