मदत हवी आहे : वळिवड्याच्या पोलिश आजींचं रेकॉर्डिंग नीट होत नाही

कळंबेकर
आमच्या गल्लीतल्या एक पोलिश आजी लहानपणी कोल्हापूरजवळ वळिवड्याला, दुसऱ्या महायुद्धातल्या पोलिश निर्वासितांच्या कॅम्पात होत्या. मी कोल्हापूरचा आहे कळल्यावर त्यांनी स्वतःहून बोलावलं. फोनवर रेकॉर्ड करतोय, पण आवाज लांबून आल्यासारखा येतो आणि मागे घरघर. शिवाय त्या सगळं भराभर उरकतात. सायबेरिया, इराण, कराची, वळिवडे, मग मुंबईहून बोट. संपलं. कोणतं अ‍ॅप चांगलं? महिनाअखेरीस त्या कायमच्या मुलीकडे जाणार आहेत, तेव्हा प्लीज लवकर सांगा. कॅम्पाचा इतिहास माहीत आहे, लिंका नकोत.

पंचगंगा
गल्ली कुठली? कोल्हापूर की परदेश? आणि फोन कोणता?

इतिहासवेडा
ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. सप्टेंबर 1939 मध्ये सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये घुसल्या आणि फेब्रुवारी 1940 पासून तिथल्या कुटुंबांना मालगाड्यांत कोंबून सायबेरियाकडे नेलं. 1941 मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर रशियाचा परागंदा पोलिश सरकारशी करार झाला आणि हे लोक सुटले. 1942 मध्ये पोलिश जनरल अँडर्सच्या सैन्याबरोबर कास्पियन ओलांडून इराणमध्ये आले. पुढे कोणी आफ्रिकेत, कोणी मेक्सिकोत, कोणी न्यूझीलंडला. वळिवड्यात 1943 ते 48 सुमारे पाच हजार जण होते, बहुतेक बायका आणि मुलं.

कळंबेकर
हे नको म्हटलं होतं हो. पश्चिम लंडनमध्ये राहतो. फोन साधा अँड्रॉइड. अ‍ॅप सांगा.

ध्वनीवाला
दादा, अ‍ॅपचा काही संबंध नाही. फोन कुठे ठेवता? टेबलावर असेल तर घरघर फ्रिजची. शंभर-दीडशे रुपयांचा नव्हे, जरा बरा कॉलर माइक घ्या, त्यांच्या हनुवटीपासून वीतभर खाली लावा. फोन एअरप्लेन मोडवर. भिंतीवरचं घड्याळ दुसऱ्या खोलीत न्या, टिकटिक नंतर काढता येत नाही. वेव्ह फाइल ठेवा, एमपीथ्री नको. आणि फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवू नका.

निशिगंध
मी तर म्हणेन व्हिडिओच करा. चेहरा, हात, डोळे, हे सगळं गेल्यावर नुसता आवाज घेऊन काय करायचं?

ध्वनीवाला
कॅमेरा समोर आला की म्हातारी माणसं साडी-पदर सावरून भाषण देतात. आमच्या आजोबांचं तेच झालं.

निशिगंध
पोलिश आजी पदर कशाला सावरतील? :) माझ्या सासूबाई कॅमेऱ्यासमोर छान बोलल्या, म्हणून सांगितलं.

गांधीनगरवाली
कळंबेकर, त्या बोलतात कोणत्या भाषेत?

कळंबेकर
इंग्रजीत. मला पोलिश कुठे येतं? मुलगी आली की तिच्याशी पोलिशमध्ये बोलतात. परवा ती आली होती तेव्हा दोघी बराच वेळ कॅम्पाबद्दलच बोलत होत्या बहुतेक, पण मी रेकॉर्डिंग थांबवलं होतं.

गांधीनगरवाली
मग तेच रेकॉर्ड करायचं ना! पोलिश लोक गेल्यावर त्याच बराकींत फाळणीतून आलेले आमचे सिंधी लोक राहिले, त्यात माझी आजीही होती. मी तिला मराठीत विचारायचे तेव्हा ती दोन वाक्यांत आटपायची. मावशीला शेजारी बसवलं आणि सिंधी सुरू झालं तशी बराक उभी राहिली. पाणी कुठून आणायचे, कौलातून पावसात कुठे गळायचं, रात्री दिवा कोण विझवायचं, सगळं. तुम्ही 'सायबेरियात काय झालं' विचारलंत तर त्या पाठ झालेलंच सांगणार. एक कोरा कागद द्या आणि बराकीचा नकाशा काढायला सांगा. चूल कुठे, पलंग कुठे, खिडकीतून काय दिसायचं. हात चालू झाला की तोंड चालू होतं.

अरविंद_पुणे
पण पोलिशमध्ये घेतलं तर मराठी माणसाला काय कळणार? इंग्रजीतच ठेवा.

गांधीनगरवाली
भाषांतर नंतर करता येतं. न सांगितलेलं नंतर मिळत नाही.

जामसाहेब_फॅन
जामनगरचे महाराज, जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी बालाचडीच्या कॅम्पात शेकडो पोलिश निर्वासित मुलं सांभाळली. वॉर्सोत त्यांच्या नावाचा चौक आहे. खरं काम त्यांचं.

पंचगंगा
खरं-खोटं कुठे आलं यात? बालाचडी 1946 मध्ये बंद झाल्यावर तिथली बरीच मुलं वळिवड्यालाच आली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मारक आहे, वॉर्सोतही आहे. इथे धागा रेकॉर्डिंगचा चालू आहे.

सातारी_मिरची
उन्हाळ्यात कोल्हापूरला जाणार आहे. हे स्मारक बघून जवळपास तांबडा-पांढरा कुठे चांगला मिळेल?

मधुरा_लंडन
मी इथे एका वस्तुसंग्रहालयात काम करते, म्हणून दोन गोष्टी. एक, लेखी परवानगी आधी घ्या. ब्रिटनमध्ये बोललेल्या शब्दांचा हक्क बोलणाऱ्याचा असतो. कोणाला ऐकवायचं, कुठे ठेवायचं, काय वगळायचं, हे त्यांनी ठरवायचं आणि मुलीलाही माहीत हवं. ओरल हिस्ट्री सोसायटी या मौखिक इतिहासाच्या संस्थेचं मार्गदर्शन वाचा. दुसरं, पेनड्राइव्हमध्ये पडून राहू देऊ नका. लंडनमध्येच सिकोर्स्की म्युझियम हे पोलिश इतिहासाचं संग्रहालय आहे, त्यांना विचारा. आणि वडील अँडर्सच्या सैन्यात होते का? त्या सैन्याने 1942-43 मध्येच हजारो लोकांकडून हद्दपारीच्या लेखी जबान्या घेतल्या, शाळकरी मुलांचे निबंधसुद्धा आहेत. त्यातल्या पुष्कळ आता कॅलिफोर्नियात हूवर इन्स्टिट्यूशनच्या संग्रहात आहेत. आडनाव शोधून बघा.

कळंबेकर
वडील सैन्यात होते, म्हणूनच कुटुंबाला इंग्लंडला यायला मिळालं असं म्हणाल्या. निबंधांचं माहीत नव्हतं, त्यांना विचारतो. मुलीशी आत्ताच बोललो, ती शनिवारी दिवसभर थांबणार आहे. माइक मागवला. कागद आणि जाड पेन्सिल घेऊन जातो, त्यांना बारीक दिसत नाही. परवानगीच्या कागदाचा नमुना कोणी देऊ शकेल का? पोलिशमध्ये असेल तर फारच बरं.

मधुरा_लंडन
इंग्रजी नमुना तुमच्या पानावर विचारपुशीत टाकते. पोलिश त्यांच्या मुलीकडून करून घ्या. सही करण्याआधी आजींना मोठ्याने वाचून दाखवा.

निशिगंध
शनिवारी व्हिडिओसुद्धा चालू ठेवा हो, नकाशा काढतानाचे हात तरी दिसतील.

ध्वनीवाला
फक्त कागदावर कॅमेरा ठेवणार असाल तर हरकत नाही. फ्रिज बंद केलात तर परत चालू करायला विसरू नका.