यकृताचा कर्करोग: हिपॅटायटिस बी असलेल्यांनी दुरुस्ती-जनुकांची चाचणी करावी का?

पिपेट: माझं मत, करावी. अफ्लाटॉक्सिन बी१, म्हणजे मका-शेंगदाण्यावरच्या बुरशीचं विष, यकृतात गेलं की तिथली सीवायपी एन्झाइम त्याचं इपॉक्साइड हे क्रियाशील रूप बनवतात आणि ते डीएनएतल्या ग्वानिनला (जी या अक्षराला) चिकटतं. वेळेत काढलं नाही तर पेशी दुभागताना जीच्या जागी टी बसतो. टीपी५३ या कर्करोग रोखणाऱ्या जनुकाच्या २४९ व्या कोडॉनवरचा (तीन अक्षरी शब्दावरचा) एजीजी ते एजीटी हा बदल त्याचीच खूण. मग काढणारी यंत्रणाच कमकुवत असेल तर? चीनमधल्या ग्वांग्शीतल्या अभ्यासांत डीएनए दुरुस्त करणाऱ्या जनुकांपैकी एक्सआरसीसी१ चा ३९९-ग्लुटामिन आणि एक्सपीसीचा ९३९-ग्लुटामिन (त्या क्रमांकाच्या जागी ग्लुटामिन हे अमिनो आम्ल असलेले) हे प्रकार धोका वाढवणारे दिसले आहेत.

बुरशीबुवा: दोघांना एका माळेत ओवू नका. चिकटलेला मोठा तुकडा काढायचं काम मुख्यतः न्यूक्लिओटाइड एक्सिजनचं (डीएनएचा आखूड पट्टाच कापून काढण्याचं), म्हणजे एक्सपीसीचं. एक्सआरसीसी१ बेस एक्सिजनमध्ये (एखादंच बिघडलेलं अक्षर बदलण्यात) असतं. तुकडा आपणहून गळून तिथे रिकामी जागा राहिली, की मग त्याचा नंबर. शिवाय इतर ठिकाणच्या अभ्यासांत एक्सआरसीसी१ चा निकाल कधी इकडे, कधी तिकडे.

पिपेट: इकडे-तिकडे होणारच. जिथे विषच कमी पोटात जातं तिथे दुरुस्तीतला फरक दिसणार कसा?

जेलवाला: मुद्दा बरोबर, पण मग डोस मोजा की! 'मका किती खाता' विचारून डोस कळत नाही; रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनाला चिकटलेलं अफ्लाटॉक्सिन मोजलं तर गेल्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो.

आणि जुने बरेच निकाल पीसीआर-आरएफएलपीचे (जनुकाचा तुकडा वाढवून एन्झाइमने कापून बघायच्या पद्धतीचे) आहेत. एक्सआरसीसी१ च्या ३९९ या जागी एमएसपी-वन एन्झाइम आर्जिनिनची प्रत कापतं, ग्लुटामिनची कापत नाही. एन्झाइम कमी पडलं, तर न कापलेला पट्टा जेलवर उरतो आणि आर्जिनिन-आर्जिनिन माणूस मिश्र म्हणून नोंदला जातो. समजा १०० कंट्रोल (तुलनेसाठी घेतलेले, हा कर्करोग नसलेले लोक) खरे ४९ आर्जिनिन-आर्जिनिन, ४२ मिश्र, ९ ग्लुटामिन-ग्लुटामिन असे आहेत. दहा चुकले की ३९, ५२, ९. हार्डी-वाइनबर्ग चाचणीची (तिन्ही प्रकारांचं प्रमाण अपेक्षेप्रमाणे आहे का बघणारी) काय-स्क्वेअर किंमत येते साधारण २, मर्यादा ३.८४. म्हणजे चाचणी पास! म्हणून १० टक्के नमुने तरी ओळख झाकून पुन्हा चालवायला हवेत. हे केलंय असं लिहिलेलं नसेल तर तो निकाल मी बाजूला ठेवतो.

बुरशीबुवा: कंट्रोल हिपॅटायटिस बीबाधित होते की नव्हते, हेही बघा. नसतील तर विषाणूचा धोका जनुकाच्या नावावर खपतो. आणि तो छोटा नाही. शांघायच्या अभ्यासात एकट्या हिपॅटायटिस बीने धोका सुमारे ७ पट, अफ्लाटॉक्सिन जोडीला आलं की जवळपास ६० पट.

रुग्णाला काय सांगणार तेही बोला. डॉक्टर सांगतील तशी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, ती जनुक कोणतंही असलं तरी चुकत नाही. कुबट, सुरकुतलेले शेंगदाणे कुटात नकोत. भाजून विष पूर्ण जात नाही. घाण्याचं तेल घेणाऱ्यांनी दाणा कसला वापरलाय ते विचारावं, कारण रिफाइनिंगमधल्या अल्कलीने जे निघतं ते इथे राहू शकतं. बुरशीची पेंड जनावराला घातली तर विष एम१ या रूपात दुधात उतरतं.

पिपेट: सल्ला सगळ्यांना सारखाच, हे मान्य. जनुकांची चाचणी करावी ही घाई मी मागे घेतो. एक्सपीसी मात्र सोडत नाही. डोस मोजून, बीबाधित कंट्रोल घेऊन कोणी केलं तर पुन्हा बोलू.

जेलवाला: आरएफएलपी नको, सिक्वेन्सिंग करा म्हणावं.