हलक्या कॅराबिनरचा हट्ट आणि आपला कातळ

जुना_दोर

काल एका क्लाइंबिंग ग्रुपवर कॅराबिनरबद्दल, म्हणजे रोप अडकवायच्या, उघडबंद होणाऱ्या गेटच्या धातूच्या कडीबद्दल, एक पोस्ट वाचली आणि रात्री झोप लागेना. मजकूर एवढाच: "रॅकवर ३० ग्रॅमच्या वरचा एकही कॅराबिनर ठेवू नका. मोठे कॅराबिनर वापरणारे क्लाइंबर नव्हेत, हमाल आहेत." (रॅक म्हणजे चढताना अंगावर लटकवलेलं सगळं सामान.) खाली नव्या पोरांची रांग लागलेली, कुठून घेऊ, कितीला पडेल. तिथे दोन ओळी लिहून उपयोग नव्हता, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी हिशोब. क्विकड्रॉ म्हणजे स्लिंगच्या (शिवलेल्या पट्टीच्या) दोन टोकांना दोन कॅराबिनर, एक कातळातल्या बोल्टला, एक रोपला. १२ क्विकड्रॉ म्हणजे २४ कॅराबिनर. पूर्ण आकाराचा ४० ग्रॅमच्या आसपास, हलका, तारेच्या गेटचा वायरगेट २८ च्या आसपास धरा. सगळे मिळून फरक २८८ ग्रॅम. कोकणकड्याच्या पायथ्याला बेलपाड्याहून निघताना आपण पाठीवर चार लिटर पाणी घेतो. म्हणजे पहिल्या विश्रांतीला जेवढं पाणी पितो, तेवढ्या वजनासाठी हा सगळा अट्टाहास.

आता त्या बदल्यात काय जातं ते बघा. मार्चमधली दुपार, कातळ तापलेला, हाताच्या चॉक पावडरचा घामाने चिखल झालेला, पायाखालचा मुरूम सुटतोय, शेवटचा बोल्ट १२ फूट खाली. अशा वेळी त्या चिमुकल्या गेटमध्ये रोप घालायचा. मी हे वानरलिंगीच्या सुळक्यावर भोगलंय. साथीदाराचा रॅक घेऊन लीडला, म्हणजे रोप क्लिप करत सगळ्यांत पुढे, गेलो. दोनदा रोप गेटवरून घसरला. तिसऱ्या वेळी रोप दातात धरून पुन्हा ओढला आणि तेवढ्यात पाय सुटला. क्लिप करायला वर ओढलेला रोप म्हणजे निव्वळ स्लॅक, सैल दोर; फॉल तेवढा लांबला. डाव्या घोट्याला सहा आठवडे प्लास्टर.

दुसरं म्हणजे कॅराबिनरच्या पाठीवरचे ताकदीचे तीन आकडे: लांबीत, आडवा आणि गेट उघडं असताना. सगळे पहिला आकडा वाचून खूश होतात. गेट उघडं असतानाचा आकडा कोण वाचतं? मानकाप्रमाणे साध्या कॅराबिनरला तिथे ७ केएन (किलोन्यूटन, भाराचं माप) पुरतात. ते पास होण्यापुरते मार्क आहेत. वरच्या रनरवर, म्हणजे रोप ज्यातून गेलाय त्या सगळ्यांत वरच्या क्विकड्रॉवर, पडणाऱ्याचा आणि खाली रोप धरणाऱ्या बिलेअरचा असा दोन्हीकडचा ताण येतो. आपल्या कातळाला जागोजागी गुठळ्या, गेट दगडावर टेकून उघडायला वेळ लागत नाही. ९ च्या खालचा कॅराबिनर मी रोपसाठी घेत नाही, आणि नव्या पोरांनीही घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बेलपाडा_एक्स्प्रेस

दादा, घोट्याचं वाचून वाईट वाटलं. पण हिशोब तुम्ही सोयीचा मांडलात.

१२ क्विकड्रॉ ड्यूक्स नोजच्या कड्याला ठीक. दोन-तीन दिवसांच्या मोठ्या कड्यावर मी रॅक मोजला होता. क्विकड्रॉ, भेगांत अडकवायचे कॅम आणि नट, लांब स्लिंग, स्टेशनचं (थांब्यावर स्वतःला बांधायचं) सामान, सगळं मिळून ६० च्या वर कॅराबिनर. ६० गुणिले १२ म्हणजे ७२० ग्रॅम. माझं वजन ४८ किलो आहे. तुमच्या ८० किलोच्या अंगाला ७२० ग्रॅम जाणवत नसतील, मला पाचव्या पिचला, म्हणजे चढाईच्या पाचव्या टप्प्याला, दोन्ही हातांत जाणवतात. बायका-मुलींना "पाणी कमी प्या" हा सल्ला नेहमीच मिळतो, त्यामुळे तेही नको.

आणि हलका म्हणजे कमकुवत हे कुणी सांगितलं? एडलरिडचा नाइन्टीन-जी साडेएकोणीस ग्रॅमचा आहे आणि तोही त्याच मानकात बसतो. गेट उघडं असताना ९ केएन घेणारे कॅराबिनर ३० ग्रॅमच्या आत मिळतात, माझ्याकडे सहा आहेत.

गेट उघडण्याचंच म्हणाल तर फॉलच्या वेळी रोप सरकताना थरथरून उघडतं ते तुमचं भरीव गेट. त्याला वजन आहे म्हणून ते उघडतं. वायरला वजनच नाही, ती जागेवर राहते. जी भीती तुम्ही हलक्या कॅराबिनरची घालता, ती मुळात जुन्या जड कॅराबिनरची आहे.

ताम्हिणीचा_वारा

दोघेही ग्रॅमवर भांडताय आणि खरा धोका बाजूलाच राहिलाय. क्विकड्रॉच्या रोपकडच्या टोकाला ते रबर असतं ना, कॅराबिनर फिरू नये म्हणून? लोक ते रबर उघड्या लांब स्लिंगलाही लावतात. स्लिंगचा फास चुकून कॅराबिनरवर वळला की स्लिंग निसटते आणि कॅराबिनर फक्त रबरावर लटकतो. बाहेरून सगळं नीट दिसतं.

२०१३ मध्ये फ्रान्सला ऑर्पियेरमध्ये १२ वर्षांचा एक इटालियन मुलगा गेला. त्याच्या क्विकड्रॉमध्ये कॅराबिनर स्लिंगमधून न ओवता नुसत्या रबरातून ओवले होते. कॅराबिनर किती ग्रॅमचा होता हे तिथे कुणी विचारलं नाही. माझी मुलगी आज ११ वर्षांची आहे आणि ताम्हिणीच्या प्लस व्हॅलीत चढते. तिचा प्रत्येक क्विकड्रॉ मी आदल्या रात्री हाताने तपासतो. जुना_दोर, तुमच्या त्या पोरांना हे आधी सांगा.

जुना_दोर

ताम्हिणी, अगदी बरोबर. शनिवारी नव्या बॅचला हे दाखवतो.

बेलपाडा, वायरगेट कमी थरथरतं, हे मान्य. मी कुठे नाकारलं? मी आकारावर बोलतोय. वायरगेट पूर्ण आकाराचंही मिळतं, ३५ ग्रॅममध्ये. तुम्ही "हलका" म्हणता तेव्हा तो लहान असतो हे सांगत नाही. शिवाय अंग बारीक केलं की रोप ज्या कडेवरून वळतो ती कडही निमुळती होते. रोप लवकर झिजतो, आणि रोपची किंमत सगळ्यांना माहीत आहे.

नवखा_नाशिककर

एक शंका. असा हलका कॅराबिनर हातातून निसटून खाली पडला तर तो बाद करायचा ना? आमच्या सरांनी तसं सांगितलंय. मग महागडे घेऊन परवडणार कसं? माझे दोन महिन्यांत दोन पडले.

मुंब्र्याचे_काका

बाद. चर्चा नाही. कमरेच्या वरून कातळावर पडला की तो मेला. आत बारीक भेग पडते, डोळ्यांना दिसत नाही आणि ऐन वेळी तुटतो. आम्ही १९८८ पासून हाच नियम पाळतोय. तैलबैल्याला एकदा दुसऱ्या पिचवरून पडलेला कॅराबिनर मी सगळ्यांसमोर हातोडीने वाकवला होता, म्हणजे नंतर कुणी चोरून वापरायला नको. ज्याचा होता तो रडवेला झाला होता. पण तो आज जिवंत आहे.

भोसरीकर

मुंब्र्याचे काका, वयाचा मान ठेवून सांगतो, हे चुकीचं आहे आणि दर वर्षी नवी पोरं यापायी पैसे वाया घालवतात.

मी ३१ वर्षं फोर्जिंगच्या शॉपमध्ये काढली. कॅराबिनर ७०७५ जातीच्या अॅल्युमिनियमचा, दाबून घडवलेला. लोकांच्या डोक्यात बिडाचा तवा असतो. तवा फरशीवर पडला की तडकतो, कारण बीड ठिसूळ. घडवलेलं अॅल्युमिनियम आधी पोचतं, वाकतं, ओरखडा घेतं. आणि धक्क्याने भेग पडायचीच असेल तर ती पृष्ठभागावरून सुरू होते, पोटात गुपचूप नाही. पडलेले सात-आठ कॅराबिनर मी स्वतः डाय पेनिट्रंट (भेगेत शिरून ती दाखवणारा रंग) लावून बघितलेत. एकातही भेग नव्हती. दोघांची मात्र गेटची रिव्हेट ढिली झाली होती आणि गेट नाकावर, म्हणजे ते जिथे मिटतं त्या टोकावर, नीट बसत नव्हतं. ते दोन मी फेकले.

म्हणजे बघायचं ते गेट, रिव्हेट, नाक आणि खोल पोचा. सगळं ठीक असेल तर वापरा.

मुंब्र्याचे_काका

तुमच्या शॉपमध्ये माणूस लटकत नव्हता. सात-आठ नग तपासून तुम्ही हजारो पोरांना "वापरा" सांगताय? कंपनीच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं असतं, जोराचा आघात झाला की बाद करा. ते लोक मूर्ख आहेत का?

भोसरीकर

कागद नीट वाचा. आघात म्हणजे मोठा फॉल, मोठा भार. हार्नेसवरून चार फुटांवर गवतात पडलेला कॅराबिनर नव्हे. आणि माणूस लटकत नव्हता म्हणता? आमच्या शॉपमधले स्टीअरिंगचे भाग ट्रकमध्ये बसत होते. घाटात तो भाग तुटला तर किती माणसं जातात ते मला ठाऊक आहे. माझ्या कामाबद्दल असं बोलायचं कारण नव्हतं.

मुंब्र्याचे_काका

मी तुमच्या कामाबद्दल बोललो नाही. १९९४ मध्ये माझा एक साथीदार पडला. गियरने दगा दिला की हाताने, ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्याच्या आईला आम्ही काही सांगू शकलो नाही. त्या दिवसापासून ज्या सामानाची शंका आली ते मी ठेवत नाही. तुम्ही भेग नाही म्हणता, नसेल. माझ्या मनातली शंका कुठल्या रंगाने दिसते ते सांगा.

घाटपांडे_नव्हे

काका, तुमच्याबद्दल आदर आहे. पण शंकेची दिशा कुठेतरी चुकतेय असं वाटतं. आमच्या इथे पडलेला कॅराबिनर लगेच फेकतात आणि झिजलेला दहा वर्षं वापरतात. टॉप रोपच्या, म्हणजे वर अँकरला लावलेल्या रोपच्या, एकाच कॅराबिनरवरून शंभर जणांना उतरवलं की मुरमाची धूळ लागलेला रोप त्यात खाच पाडतो. त्या खाचेची कड बोट लावून बघा, सुरीसारखी होते. असा कॅराबिनर रोप कापू शकतो. तसंच बोल्टच्या बाजूचा कॅराबिनर हँगरमुळे (बोल्टवरच्या भोकाच्या पत्र्यामुळे) ओरबाडतो, आणि लोक क्विकड्रॉ उलटा करून तीच बाजू रोपला लावतात. हे दर आठवड्याला डोळ्यांसमोर होतं आणि कुणी हातोडी उचलत नाही.

एकाच जागी दिवसभर टॉप रोप लावायचा तर तिथे स्टीलचा लावा. २०० ग्रॅमचा असू दे, तिथे वजन उचलायचं कुणाला आहे?

मुंब्र्याचे_काका

खाचेचं बरोबर आहे. ते आमच्याकडेही होतं. स्टोअरमधले उद्या बघतो.

पडलेल्याबद्दल माझं मत बदललेलं नाही.

भोसरीकर

माझंही नाही. पण साथीदाराचं माहीत नव्हतं, काका. बोलण्यात कडवटपणा आला, त्याबद्दल माफ करा.

नवखा_नाशिककर, तुझे दोन कॅराबिनर किती उंचीवरून आणि कशावर पडले? फोटो टाक. आणि गेट अडकत असेल तर कोमट पाणी आणि जुना टूथब्रश. पावसाळ्यात माळ्यावर ठेवलेल्या सामानावर पांढरी भुकटी धरते, तीही तशीच काढ. नीट वाळव. शिलाई मशीनचं तेल ओतून ठेवू नकोस, त्याला सगळा मुरूम चिकटतो.

नवखा_नाशिककर

एक दहा फुटांवरून मातीत. दुसरा पूर्ण पिचवरून, साधारण ऐंशी फूट, दोनदा कातळावर आपटला. त्याच्या नाकाजवळ पोचा आहे.

भोसरीकर

नाकाजवळ पोचा असेल तर दुसरा फेक. पहिला वापर.

मुंब्र्याचे_काका

दोन्ही फेक. पैसे नसतील तर मला मेसेज कर, एक नवा माझ्याकडून घे.

बेलपाडा_एक्स्प्रेस

मूळ विषयावर परत येते, कारण जुना_दोर दादांचं एक म्हणणं दोन दिवस डोक्यात राहिलं.

काल रात्री सगळा रॅक पलंगावर मांडला. डोळे मिटून, हाताला जरा तेल लावून, एकेका क्विकड्रॉमध्ये डाव्या हाताने रोप घालून बघितला. सगळ्यात लहान जे सहा आहेत, त्यांत मी दहापैकी तीनदा चुकले. घरात, पंख्याखाली, पाय जमिनीवर असताना. हे मान्य करायला मला आवडत नाहीये.

म्हणून त्या सहा क्विकड्रॉच्या रोपकडच्या टोकाला पूर्ण आकाराचे वायरगेट लावले, बोल्टकडच्या टोकाला लहानच ठेवले. वजन ७८ ग्रॅमने वाढलं. कॅम आणि नटवरचे सगळे चिमुकलेच राहणार, तिथे मी एक ग्रॅमही वाढवणार नाही. ते हार्नेसवर नुसते लटकत असतात आणि माझ्या अंगावर असतात, तुमच्या नाही. "हमाल" म्हणणारा तो पोस्टवाला चुकलाच होता, त्याच्या बाजूने मी कधीच नव्हते.

जुना_दोर

कॅमवर लहान लावायला माझी हरकत नव्हती. मी रोपबद्दल बोलत होतो. पण ६० चा हिशोब मी केला नव्हता हे खरं, मोठ्या कड्यावर गेलो तेव्हा सामान दोघांत वाटलेलं असायचं.

बोल्टकडच्या टोकाला लहान कॅराबिनर लावताना एकच बघा. जुन्या रूटवर जाड पत्र्याचे घरगुती हँगर आहेत. लहान कॅराबिनर त्यात मोकळा फिरत नाही आणि कधीकधी नाकावर अडकून राहतो. नाकावर भार आला की पाठीवरच्या तिन्ही आकड्यांना काही अर्थ उरत नाही. क्लिप केल्यावर एकदा खाली ओढून बघत जा.

बेलपाडा_एक्स्प्रेस

बघते. भोसरीकर काका, माझाही एक पडलेला दोन वर्षं ड्रॉवरमध्ये पडून आहे, फेकवत नाही आणि वापरवतही नाही. रविवारी प्लस व्हॅलीत असाल तर घेऊन येते.