निओक्लासिकल डार्क वेव्हची सुरुवात नक्की कुठून धरायची? मदत हवी आहे

मंडळी, निओक्लासिकल डार्क वेव्ह, म्हणजे पोस्ट-पंकमधून निघून ऑर्केस्ट्रा आणि चर्चच्या गाण्याकडे झुकलेलं ते उदास, गूढ संगीत, त्याबद्दल जाणकारांनी जरा मदत करा. डेड कॅन डान्स सगळ्यांना माहितीच असेल, लिसा जेरार्ड आणि ब्रेंडन पेरी, 1981 ला मेलबर्नमध्ये बँड सुरू केला, मग लंडनला गेले आणि फोरएडी (4AD) या रेकॉर्ड कंपनीकडे आले. आता 1984 चा पहिला अल्बम मला तरी सरळ पोस्ट-पंकच (पंकनंतरचं रॉक) वाटतो, गिटार बास ड्रम वगैरे, पण 1985 च्या 'स्प्लीन अँड आयडियल'मध्ये एकदम चेलो, ट्रॉम्बोन, टिंपनी (ऑर्केस्ट्रातले मोठे नगारे) येतात आणि 1987 च्या 'विदिन द रेल्म ऑफ अ डाइंग सन'मध्ये तर रॉक जवळजवळ गायबच, रेकॉर्डची एक बाजू पेरीच्या आवाजात, दुसरी लिसाच्या, आणि ती दुसरी बाजू म्हणजे चर्चमध्ये बसल्यासारखंच वाटतं राव. तर सुरुवात 85 ला धरायची की 87 ला?

दुसरं म्हणजे शेफील्डचे इन द नर्सरी, ते जुळे भाऊ. तेही 1981 चेच, पण त्यांचा रस्ता इंडस्ट्रियल (यंत्रांसारखा कर्कश आवाज असलेलं संगीत) आणि लष्करी ड्रमकडून ऑर्केस्ट्राकडे जातो. त्यांना याच झाडाची फांदी म्हणायचं की वेगळंच मूळ? मला वेगळं वाटतं, पण मित्र ऐकत नाही, त्याच्या मते सगळं डेड कॅन डान्सपासूनच.

आणि नंतरचे जर्मनीचे क्यूंटाल, स्वीडनचे आर्काना वगैरे कुठल्या क्रमाने ऐकू? गॉथिक मेटल नको प्लीज, ते भरपूर झालंय.