चांदा भागातल्या मिशन शाळा
‘मिशनची शाळा म्हणजे इंग्रजांनीच काढलेली’ असं सर्रास म्हटलं जातं, ते आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या, म्हणजे जुन्या चांदा भागातल्या कॅथलिक शाळांना लागू होत नाही. नागपूर धर्मप्रांत (एका बिशपच्या अखत्यारीतला भाग) १८८७ सालचा, पण तिथले सुरुवातीचे फादरही सॅव्हॉयकडचे (आता फ्रान्समध्ये असलेला आल्प्सचा भाग), फ्रेंच बोलणारे. चांदा भाग त्यातून वेगळा झाला थेट १९६२ मध्ये आणि सोपवला केरळच्या सीएमआय या कॅथलिक संघाच्या फादरांकडे. इंग्रज जाऊन तोवर पंधरा वर्षं झाली होती! म्हणून तर आमच्या सिस्टर मल्याळी वळणाची मराठी बोलायच्या अन् आम्ही पोरं त्यांना झाडीबोली, म्हणजे आमच्याकडची मराठीची बोली, शिकवायचो.

शाळेचा इतिहास लिहायचाच असेल तर नुसत्या स्मरणिकेवर विसंबू नका, दाखल-खारीज रजिस्टर (मुलं शाळेत कधी आली, कधी गेली याची नोंदवही) मागा. शाळा का सोडली याचा रकाना तर जरूर वाचा, स्मरणिकेत ते कुणी छापत नाही.