गोदो ४ मध्ये सेव्ह-लोड: कोणती पद्धत धरू?

सात_रस्ता
नमस्कार मंडळी. गोदो ४ या गेम इंजिनवर, त्याच्या जीडीस्क्रिप्ट भाषेत, आपल्या सोलापूरचा एक टूडी गेम करतोय. सिद्धरामेश्वरांनी स्थापलेली ६८ लिंगं शोधत गावभर फिरायचं. वाटेत तळं, भुईकोट किल्ला, गड्ड्याच्या जत्रेतले स्टॉल. एका बैठकीत संपणारा गेम नाही, त्यामुळे सेव्ह हवंच. साठवायचंय ते असं: सापडलेली लिंगं, खेळाडू कुठल्या सीनमध्ये कुठे उभा आहे, पिशवीतल्या वस्तू, पैसे, आणि जत्रेतल्या सोडतीचा रँडम क्रम (पुन्हा पुन्हा लोड करून बक्षीस उकळता येऊ नये). जेसन (साध्या मजकुराची फाइल), कॉन्फिगफाइल (सेटिंगची फाइल) की कस्टम रिसोर्स (गोदोचा स्वतःचा डेटा-प्रकार)? बहुतेक लोक अँड्रॉइडवर खेळतील.

जुना_धोटा
रिसोर्स नको. त्यात कष्ट सगळ्यात कमी, हे खरं. पण रिसोर्स ज्यात साठतो त्या टीआरईएस फाइलीत स्क्रिप्ट दडवता येते आणि फाइल लोड होताना ती चालू शकते. सेव्ह फाइली लोक व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवतात, तेव्हा हा धोका खेळणाऱ्याच्या गळ्यात पडतो. कॉन्फिगफाइल आवाज, भाषा असल्या सेटिंगपुरती, आणि तीही वेगळी ठेवा. नवा खेळ सुरू केला म्हणून सेटिंग पुसली जायला नको.

प्रगतीसाठी जेसन. मात्र वाचताना सगळे आकडे फ्लोट (दशांश संख्या) होऊन येतात, ३ चे ३.० होतात, म्हणून वस्तूंची संख्या इंटमध्ये (पूर्णांकात) बदलून घ्या. डिक्शनरीतल्या नोंदींच्या ओळखी (कीज) आकडा असतील तर परत येताना त्या स्ट्रिंग (मजकूर) झालेल्या असतात. आकड्याने शोधलं तर काहीच सापडत नाही. व्हेक्टर२ ची (एक्स-वाय जागेची) नुसती स्ट्रिंग होते, म्हणून एक्स आणि वाय वेगवेगळे लिहा.

सोडतीचं दुखणं याहून बारीक आहे. रँडमनंबरजनरेटरची स्टेट (तो क्रमात कुठवर आलाय ते सांगणारी संख्या) ६४ बिटांची. जेसनमधून ती फ्लोट म्हणून आली की ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढच्या संख्यांचे शेवटचे अंक बदलू शकतात, आणि लोड केल्यावर सोडत वेगळीच निघते. सीड (क्रम जिथून सुरू होतो ती संख्या) आणि स्टेट दोन्ही स्ट्रिंग करून साठवा. परत लावताना सीड आधी, स्टेट नंतर. उलटं केलंत तर सीड लावताना स्टेट बदलते.

पार्क_चौक
एवढी रूपांतरं टाळायची असतील तर स्टोअर_व्हार आणि गेट_व्हार ही गोदोची बायनरी लिहिण्या-वाचण्याची फंक्शनं वापरा. इंट इंटच राहतो, व्हेक्टर२ जसाच्या तसा येतो, ६४ बिटांची स्टेटही शाबूत. ऑब्जेक्ट वाचण्याची परवानगी मूळचीच बंद असते, ती बंदच ठेवा. तोटा एकच, फाइल नोटपॅडमध्ये वाचता येत नाही. माझं मत: गेम घडत असेपर्यंत जेसन, कारण चूक उघड्या डोळ्यांनी दिसते, बाहेर देताना स्टोअर_व्हार. लिहिणं-वाचणं दोन फंक्शनांतच ठेवलंत तर बदल पाच-दहा ओळींचा.

लिंगांची यादी ॲरेच्या क्रमांकाने साठवू नका. उद्या मध्येच एक लिंग वर सरकवलंत की जुन्या सेव्हमध्ये भलतंच लिंग सापडलेलं दिसेल. प्रत्येकाला कायमची ओळख द्या आणि ती कधीच बदलू नका. फाइलीत आवृत्तीचा आकडाही पहिल्या दिवसापासून हवा: १ वरून २, २ वरून ३ अशी छोटी फंक्शनं, लोड करताना ओळीने चालवायची.

विडी_घरकुल
फाइल थेट जुन्यावर लिहू नका. राइट मोडमध्ये उघडताक्षणी जुना मजकूर जातो. त्याच वेळी गेम बंद पडला तर हाती कोरी फाइल. आधी तात्पुरत्या नावाने लिहा, क्लोज करा (उघड्या फाइलीचं नाव विंडोज बदलू देत नाही), पुन्हा वाचून पार्स होते का (मजकूर नीट उलगडतो का) बघा. मग चालू फाइलीला बॅकअपचं नाव द्या आणि तात्पुरतीला मूळ. लोड करताना मूळ फाइल नसेल किंवा वाचता येत नसेल तर बॅकअप. तपासायला फाइलीचा खालचा अर्धा भाग हाताने उडवा आणि गेम चालू करा.

जागा यूजर:// (खेळणाऱ्याच्या डेटाचं फोल्डर) हीच. रेस:// मध्ये (प्रोजेक्टच्या फोल्डरात) लिहिलेलं एडिटरमध्ये बिनबोभाट चालतं. एक्सपोर्ट झाल्यावर ते फक्त वाचण्यापुरतं उरतं. फाइल बघायची असेल तर एडिटरच्या प्रोजेक्ट मेनूतून यूजर डेटा फोल्डर उघडतं.

सात_रस्ता
जेसनने सुरू करतो. लोड करताना किल्ल्याचा सीन येतो, पण लगेच पुढच्या ओळीत खेळाडूची जागा लावायला गेलं की नल (खेळाडूचा नोड मिळतच नाही). आणि उचललेल्या वस्तू परत जागेवर दिसतात. क्रम काय ठेवू?

पार्क_चौक
चेंज_सीन_टू_फाइल नवा सीन त्या ओळीवरच आणत नाही, फ्रेमच्या शेवटी आणतो. वाचलेला डेटा ऑटोलोडमध्ये (सीन बदलला तरी टिकणाऱ्या नोडमध्ये) ठेवा आणि नव्या सीनच्या रेडीमध्ये (सीन तयार झाल्यावर चालणाऱ्या फंक्शनात) तिथून उचला. वस्तूंसाठी सेव्हमध्ये 'उचललेल्या' ओळखींची यादी हवी. प्रत्येक वस्तूने आपल्या रेडीमध्ये ती बघून स्वतःला क्यू_फ्री करायचं (काढून टाकायचं). तेही फ्रेमच्या शेवटी होतं, म्हणून त्याच दमात त्याच नावाचा नवा नोड जोडलात तर गोदो त्याचं नाव बदलतं आणि तुमचा नोडपाथ (नोडचा पत्ता) तुटतो.

विडी_घरकुल
अँड्रॉइडवर खिडकी बंद होण्याच्या सूचनेच्या भरवशावर राहू नका. फोन आला, खेळणारा दुसऱ्या ॲपमध्ये गेला, की सिस्टीम मागचा गेम न सांगता मारू शकते. नोटिफिकेशन_ॲप्लिकेशन_पॉज्ड (गेम मागे गेल्याची सूचना) आलं की तिथेच सेव्ह करा. शिवाय लिंग सापडल्यावर आणि सोडत काढल्यावर लगेच, निकाल पडद्यावर दाखवण्याच्या आधी.

पॅकेजचं नाव (ॲपची फोनमधली ओळख) आणि ॲपवर सही करायची डिजिटल किल्ली (की) आत्ताच पक्की करा. नाव बदललं तर फोन त्याला दुसरंच ॲप समजतो. किल्ली बदलली तर जुनं काढल्याशिवाय नवं बसत नाही, आणि काढताना सेव्हही जातं.

सात_रस्ता
तीन स्लॉट ठेवले तर मेनूत 'किल्ला, ६८ पैकी २३' असं दाखवायला तिन्ही फाइली पूर्ण वाचाव्या लागतील का?

जुना_धोटा
तुमची फाइल काही केबींची असेल, खुशाल वाचा. पुढे स्क्रीनशॉट जोडायचा झाला तर तो जेसनमध्ये कोंबू नका, स्लॉटच्याच नावाने पीएनजी शेजारी ठेवा. आणि स्लॉट पुसताना बॅकअपही पुसा, नाहीतर मेनू तो जुना खेळ पुन्हा उभा करेल.