बाई बदलली, पुरुष तिथेच

'आई कुठे काय करते' या मालिकेतल्या अरुंधतीने संसारातून बाहेर पडायची हिंमत केली म्हणजे मराठी मालिका बदलल्या, असं मत ऐकू येतं; ते मला अर्धंच पटतं. ही मालिका डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली तेव्हापासून आमच्या नाशिकच्या पंचवटीतल्या घरी आई ती न चुकता बघायची. घटस्फोटाच्या भागाला ती रडेल असं वाटलं होतं. ती ताठ बसून बघत राहिली, हातातली गवार तशीच. तो परिणाम खराच होता.

पण त्याआधीच्या 'माझ्या नवऱ्याची बायको' या मालिकेत नवऱ्याने फसवलेली राधिका मसाल्यांचा धंदा उभा करते, आणि समोरची, नवऱ्याची प्रेयसी शनाया वाईट हे कशावरून ओळखायचं? तिच्या कपड्यांवरून, कामाच्या आळसावरून. चांगली बाई रांधणारी, हे गणित तसंच राहतं. मला याचाच जास्त राग येतो.

आणि पुरुष? मालिकेतला नवरा ओट्याशी उभा राहतो तो बायकोच्या वाढदिवसाला, आणि काहीतरी करपवतो. आमच्या शेजारच्या वहिनी सातपूरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जातात. पहाटे पोळ्या दादा करतात. पोळी फुगली की चिमटा न घेता बोटांनीच उलटतात, डबा भरून देतात. बिल्डिंगमध्ये कुणाला त्यात नवल वाटत नाही. द्राक्षांच्या हंगामात दिंडोरीकडे पॅकिंगला जाणाऱ्या बायकांच्या घरीही सकाळी कुणीतरी चूल सांभाळतंच ना? तो माणूस मला अजून एकाही मालिकेत दिसलेला नाही. कुणाला दिसला असेल तर नाव नक्की सांगा, आईला दाखवायचाय.